लगाम सुटलेलं हृदय

इंदूर, राजेंद्रनगर. सकाळी काका-काकू फिरायला निघतात, तेव्हा काका सुरुवातीला मुद्दाम रेंगाळतात. काकू बजावतात, "अहो, हळू. त्याला अजून कळलेलं नाही." 'त्याला' म्हणजे काकांच्या छातीतल्या नव्या हृदयाला.

इंदूरकरांना ग्रीन कॉरिडॉर ओळखीचा आहे. चौक मोकळे करत हृदयाची पेटी विमानतळाकडे धावते, कारण हाती जेमतेम चार तास असतात. पुढची गोष्ट मात्र फारशी कुणी सांगत नाही.

शल्यचिकित्सक रक्तवाहिन्या शिवतात, नसा शिवता येत नाहीत. निरोगी माणसात व्हेगस ही नस हृदयाला सतत आवरून धरते. प्रत्यारोपणात ती तुटते, आणि हृदय आपल्याच सायनस नोडच्या, म्हणजे ठोके सुरू करणाऱ्या केंद्राच्या, गतीनं चालू लागतं: बसल्या जागी मिनिटाला ९० ते ११० ठोके. नाडी पाहून शेजारीपाजारी हबकतात. पण हा आजार नव्हे. जिना चढताना उलटंच होतं. मेंदूचा निरोप नसेतून येत नाही, रक्तातल्या अ‍ॅड्रेनलिनमधून येतो, म्हणून वेग वाढायला काही मिनिटं लागतात आणि उतरायलाही. काहींच्या नसा वर्षांनंतर थोड्याफार पुन्हा जुळतात.

पूर्वीच्या पद्धतीत रुग्णाच्या जुन्या अलिंदांचा, म्हणजे हृदयाच्या वरच्या कप्प्यांचा, काही भाग तसाच ठेवत. त्यातला जुना नोड आपला ठोका देतच राही, आणि ईसीजीत दोन वेगवेगळ्या पी-लहरी (अलिंदांच्या ठोक्याच्या खुणा) उमटत. नवख्या डॉक्टरला कोडंच! आता बहुतेक ठिकाणी उजवं अलिंद अखंड बसवून शरीरातलं रक्त हृदयात आणणाऱ्या दोन्ही महाशिरा जोडतात. त्यामुळे पेसमेकरची गरज कमी पडते.

खरी काळजी वेगळीच. शस्त्रक्रियेचे पहिले आठवडे सरल्यावर, सगळं सुरळीत असताना, अलिंदाचा ठेका अचानक बिघडला, तर डॉक्टरांना आधी संशय येतो तो शरीर हृदय नाकारत असल्याचा. मग मानेच्या शिरेतून बारीक चिमटा आत नेऊन हृदयाचा कणभर तुकडा तपासतात. दुसरा संशय हृदयाच्या धमन्या अरुंद झाल्याचा. नसा तुटलेल्या असल्यानं छातीत कळ बहुधा येतच नाही. धाप, थकवा, चक्कर, बिघडलेली नाडी, एवढ्यावरूनच ओळखायचं. माझ्या मते घरच्यांना हे डिस्चार्जच्या आधीच नीट समजावून सांगायला हवं.

अशा वेळी जवळचं इस्पितळ गाठायचं आणि कॅज्युअल्टीत पहिलंच वाक्य बोलायचं, "हृदय प्रत्यारोपण झालंय." कारण नाडी मंदावली की एरवी देतात ते अ‍ॅट्रोपिन इथे सहसा कामच करत नाही, ते व्हेगसला अडवतं, आणि इथे व्हेगसच तुटलेली असते. वेगवान ठेका मोडणारं अ‍ॅडेनोसिन या हृदयावर जरुरीपेक्षा जास्त परिणाम करतं, म्हणून द्यायचंच झालं तर अगदी कमी. ठोका मंदावणाऱ्या डिल्टियाझेमनं टॅक्रोलिमसची, म्हणजे शरीरानं हृदय नाकारू नये म्हणून घ्यायच्या औषधाची, रक्तातली पातळी चढते आणि मूत्रपिंडाला इजा होऊ शकते. तेव्हा तिथल्या डॉक्टरांचं प्रत्यारोपण केंद्राशी फोनवर बोलणं करून द्यायचं, आणि रोजच्या गोळ्यांची यादी त्यांच्या हातात ठेवायची.