शंभराच्या नाण्यावरचे जमशेटजी: चेहऱ्यामागची चाती, कोळसा आणि पाणी

नमस्कार मंडळी! माझ्या हातात शंभर रुपये आहेत. नोट नाही, नाणं. थांबा, जवळून दाखवतो. व्यास ४४ मिलिमीटर, वजन ३५ ग्रॅम, म्हणजे दहा रुपयांच्या साडेचार नाण्यांएवढं. निम्मी चांदी, ४० टक्के तांबं, बाकी निकेल आणि जस्त. एका बाजूला अशोकस्तंभाचे सिंह, दुसऱ्या बाजूला पारशी पगडी आणि भरघोस दाढी. जमशेटजी नसरवानजी टाटा. ३ मार्च १८३९ चा जन्म, नवसारीचा. त्यांच्या १७५ व्या जयंतीनिमित्त सरकारने हे नाणं काढलं आणि ६ जानेवारी २०१५ ला पंतप्रधानांच्या हस्ते त्याचं प्रकाशन झालं.

आता तुम्ही म्हणाल, आमच्या कंपनीनेही पन्नास वर्षं झाली तेव्हा चांदीचं नाणं वाटलं होतं की! सराफाकडे लक्ष्मीचं मिळतं तेही आहेच. पण कायद्याने ती पदकं. नाणं पाडायचा हक्क फक्त सरकारचा, आणि त्यावर किंमत छापलेली हवी. मात्र असली स्मारक नाणी बाजारात फिरत नाहीत. टाकसाळ ती डबीत घालून विकते, छापील किमतीपेक्षा बऱ्याच चढ्या दराने. वर्षाखाली बारीक खूण बघा: पत्त्यातल्या चौकटसारखी खूण असेल तर मुंबई, तारा असेल तर हैदराबाद, ठिपका असेल तर नोएडा, काहीच नसेल तर कोलकाता. आणि कृपा करून नाणं घासूपुसू नका. लिंबू, चिंच, रांगोळी, काहीही लावू नका. काळपट झालेलं परवडलं, पण चरे पडले की संग्राहक हात लावत नाही.

माझी या नाण्याबद्दल एकच तक्रार आहे. त्यावर नुसता चेहरा आहे. या माणसाने जे प्रयोग केले, त्यांतला एकही नाही.

नागपूरची एम्प्रेस मिल, म्हणजे त्यांची कापडगिरणी घ्या. १ जानेवारी १८७७ ला सुरू झाली. तेव्हा सूतकताईला म्यूल नावाचं यंत्र असायचं. त्याचा गाडा पुढे जाताना सुताला पीळ द्यायचा आणि मागे येताना सूत गुंडाळायचा. म्हणजे अर्धा वेळ कताई बंद! रिंग फ्रेम हे दुसरं यंत्र. त्यात चातीभोवती, म्हणजे सूत गुंडाळणाऱ्या फिरत्या दांडीभोवती एक कडी असते, कडीवर इवलासा धातूचा आकडा फिरतो, आणि पीळ देणं व गुंडाळणं एकाच वेळी चालू राहतं. ही युक्ती अमेरिकेतली. इंग्लंडमधल्या लँकेशायरचे गिरणीमालक पुढे कित्येक वर्षं म्यूललाच चिकटून राहिले. जमशेटजींनी मात्र १८८० च्या दशकातच नागपुरात रिंगच्या चात्या लावून पाहिल्या, आणि पटल्यावर त्या वाढवल्या. ज्या देशाकडून यंत्रं घ्यायची, त्याच्याही पुढे जायचं! मला तर हे पोलादाच्या कारखान्याइतकंच मोठं वाटतं.

आणि पोलादाची सुरुवातही विदर्भातच होते बरं का. १८८२ मध्ये त्यांच्या वाचनात एका जर्मन भूगर्भतज्ज्ञाचा अहवाल आला: चांदा (आजचं चंद्रपूर) जिल्ह्यात लोहारा इथे उत्तम लोहखनिज आहे. जवळच वरोऱ्याला कोळसा. सगळं जमून आलं असं वाटलं, पण वरोऱ्याचा कोळसा चाचणीत नापास झाला. बेत बारगळला, विचार बारगळला नाही. पुढे १९०४ मध्ये प्रमथनाथ बोस या भारतीय भूगर्भशास्त्रज्ञाने पत्राने कळवलं की ओडिशातल्या मयूरभंजात लोहखनिज आहे. साकचीला, म्हणजे आजच्या जमशेदपूरला, पोलादाची पहिली लगड ओतली गेली ती १९१२ मध्ये. वरोऱ्याच्या कोळशापासून मोजा, तीस वर्षं!

जमशेटजी तोवर नव्हते. १९ मे १९०४ ला जर्मनीत बाड नाउहाइम इथे ते गेले. बंगळूरची विज्ञान संस्थाही त्यांनी पाहिली नाही. तिच्यासाठी त्यांनी आपल्या मिळकती बाजूला काढून ठेवल्या होत्या, म्हैसूर संस्थानाने जमीन दिली आणि १९०९ मध्ये ती स्थापन झाली. नफ्याशी थेट संबंध नसलेल्या संशोधनावर एका गिरणीमालकाने एवढा पैसा लावावा, आणि तोही त्या काळात! माझ्या लेखी नाण्यावर यायचा खरा हक्क त्यांना इथे मिळतो.

राहिलं खोपोली. लोणावळ्याच्या तलावांत पावसाचं पाणी साठवायचं, ते पाचशे मीटरहून जास्त खाली खोपोलीला सोडायचं आणि त्यावर वीज करायची. १९१५ पासून मुंबईच्या गिरण्या या विजेवर चालू लागल्या. कोळशाचा धूर कमी व्हावा, हा जमशेटजींचा हेतू होता. टाटांच्याच कंपनीच्या मुळशी धरणाविरुद्ध १९२१ मध्ये सेनापती बापटांनी सत्याग्रह केला, कारण शेतकऱ्यांच्या जमिनी पाण्याखाली जात होत्या. वीज सांगायची तर हेही सांगायलाच हवं.

पुढच्या वेळी खोपोलीला गेलात तर घाटातून खाली उतरणारे ते जाडजूड नळ नक्की बघा. आणि घरात हे नाणं असेल, तर वर्षाखाली कोणती खूण आहे ते कमेंटमध्ये लिहा. मी वाचतो.