पीएमपीचं तिकीट नेमकं कोण ठरवतं?

नमस्कार मंडळी! आज आपण अशा लोकांबद्दल बोलणारे ज्यांना पुणे आणि पिंपरी-चिंचवडच्या पीएमपीच्या बसमध्ये कुणी कधीच शिव्या घालत नाही. शिव्या कुणाला बसतात, तर कंडक्टरला. तिकीट वाढलं, गाडी खचाखच भरली, मधली फेरी रद्द झाली, सगळं त्याच्याच डोक्यावर. आता त्याच्या हातात काय असतं, एक मशीन, आणि त्यात किती रुपये उमटणार हे वर ठरतं.

वर म्हणजे कुठे? बहुतेक जण म्हणतील महापालिकेत. अर्धं बरोबर आहे. पुण्याची बससेवा पीएमटी १९५० ची, पिंपरी-चिंचवडची पीसीएमटी १९७४ ची, आणि २००७ मध्ये दोन्ही एकत्र करून पीएमपीएमएल, म्हणजे आपली पीएमपी, नावाची कंपनी केली. हो, कंपनी. पुणे पालिकेचा हिस्सा ६० टक्के, पिंपरीचा ४०. आणि कंपनी म्हटलं की संचालक मंडळ आलंच.

या मंडळात कोण असतं? दोन्ही शहरांचे महापौर, दोन्ही आयुक्त, दोन्ही स्थायी समित्यांचे अध्यक्ष, दोन्हीकडून एकेक नगरसेवक, आरटीओचे अधिकारी, आणि रोजचा कारभार बघणारे सीएमडी (अध्यक्ष आणि व्यवस्थापकीय संचालक), जे राज्य सरकार पाठवतं. म्हणजे बघा, मालक दोन पालिका आणि साहेब मुंबईहून नेमलेला! तुकाराम मुंढे आठवतात ना, मार्च २०१७ मध्ये सीएमडी म्हणून आले आणि फेब्रुवारी २०१८ मध्ये बदलीही झाली, वर्षसुद्धा पुरं नाही. त्यांच्या आणि लोकप्रतिनिधींच्या वादात कोण बरोबर, यावर आजही कट्ट्यावर भांडणं होतील, पण सीएमडी इतक्या लवकर बदलला की पाच वर्षांचा विचार करणार कोण, मंडळानेच करायचा ना.

आता खरी गंमत पैशाची. तिकिटाच्या पैशात बस चालत नाही, जगात फार कमी ठिकाणी चालते, त्यामुळे दरवर्षी तूट येते आणि ती मुख्यतः या दोन पालिका आपापल्या हिश्श्याप्रमाणे भरतात. म्हणजे तुम्ही आयुष्यात कधी पीएमपीत चढला नसाल तरी तुमच्या मिळकतकरातून तुम्ही तिकीट काढताच आहात. आणि इथेच गाडी अडते, कारण आयुक्त संचालक म्हणून बैठकीत बसतात तेव्हा म्हणायला हवं की गाड्या वाढवा, तोट्यातला मार्ग पण चालवा, लोकांची गरज आहे, आणि तेच आयुक्त पालिकेत गेले की त्यांच्याच टेबलावर तुटीची फाईल येते आणि तिथे हात आखडता घ्यावा लागतो. मागणारा तोच, देणारा तोच. मला विचाराल तर सगळ्या घोळाचं मूळ इथे आहे, ड्रायव्हर-कंडक्टरमध्ये नाही.

तिकीट वाढवायचं तरी मंडळ एकटं वाढवू शकत नाही. आधी मंडळाचा ठराव, मग परिवहन प्राधिकरणाची मंजुरी, आणि मगच नवा दर. १ जून २०२५ ला तसंच झालं. अगदी जवळ उतरायचं तर आधी ५ रुपये, आता सरळ १०. महिन्याचा पास ९०० होता, तो १५०० झाला.

आणि तेव्हा मंडळात निवडून आलेलं कोण होतं? कुणीच नाही! मार्च २०२२ मध्ये दोन्ही पालिकांची मुदत संपली, प्रशासक आले, महापौर नाही, स्थायी समिती नाही, नगरसेवक नाही. सगळा निर्णय अधिकाऱ्यांचा. आता कुणी म्हणेल नगरसेवक असते तरी काय दिवे लावले असते, तो मुद्दा आहेच म्हणा, पण निदान प्रभागात गाठून जाब तरी विचारता आला असता.

त्यामुळे पुढच्या वेळी मतं मागायला येतील तेव्हा फक्त ड्रेनेज आणि पाणी नका विचारू. पीएमपीवर तुमच्या पक्षाचा संचालक कोण, बैठकीला जातो का, आमच्या भागातल्या फेऱ्यांचा विषय कधी मांडला का, हे विचारा. गोलगोल उत्तर मिळालं तर माहिती अधिकार आहे. अर्ज पीएमपीच्या स्वारगेटच्या मुख्य कार्यालयात जन माहिती अधिकाऱ्यांच्या नावाने, १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून, विषय एकच ठेवा आणि दीडशे शब्दांच्या आत लिहा. मागायचं काय, तर संचालक मंडळाच्या बैठकांचं इतिवृत्त आणि हजेरी. हजेरी आवर्जून मागा.