दुर्गाबाई : एका वाचकाचे आयुष्य

(एका सार्वजनिक ग्रंथालयाच्या व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

सभेला जमलेल्या सर्व वाचकांना नमस्कार.

दुर्गा भागवत यांचे नाव निघाले की आपल्याकडे साधारणपणे दोन प्रकारची माणसे बोलू लागतात. एकांना ‘ऋतुचक्र’ आठवते, शाळेच्या पुस्तकातला ‘वसंतहृदय चैत्र’ आठवतो. दुसऱ्यांना १९७५ सालचे कऱ्हाडचे साहित्य संमेलन आणि आणीबाणीतला त्यांचा तुरुंगवास आठवतो. पहिल्यांच्या लेखी त्या फुलापानांत रमलेल्या ललितलेखिका असतात आणि दुसऱ्यांच्या लेखी सत्तेपुढे न झुकलेल्या रणरागिणी. माझ्या मते ही वाटणीच मुळात चुकीची आहे. या दोन्ही दुर्गाबाई एकाच सवयीतून घडल्या, आणि ती सवय म्हणजे वाचनाची. म्हणून आज त्यांच्या लेखनापेक्षा त्यांच्या वाचनाविषयी, आणि त्या वाचनाला लागूनच असलेल्या त्यांच्या छंदांविषयी मी बोलणार आहे.

त्यांचा जन्म १० फेब्रुवारी १९१० रोजी इंदूरला झाला. घराणे विद्याव्यासंगी होते. संस्कृतचे मोठे पंडित आणि परखड समाजचिंतक राजारामशास्त्री भागवत हे याच घराण्यातले. पुढे दुर्गाबाईंनी त्यांचे निवडक साहित्य खंडशः संपादित करून ते ऋण फेडले. वडील नारायणराव रसायनशास्त्रज्ञ होते, काकाही त्याच विषयातले. धाकटी बहीण कमला म्हणजे पुढच्या कमला सोहोनी. केंब्रिज विद्यापीठातून त्यांनी १९३९ साली जीवरसायनशास्त्रात डॉक्टरेट मिळवली. एका बाजूला संस्कृत पोथ्या आणि दुसऱ्या बाजूला प्रयोगशाळा असे हे घर होते, हे मुद्दाम सांगतो, कारण कोणतीही गोष्ट ऐकून मान डोलवायची नाही, ती पडताळून पाहायची, हा दुर्गाबाईंचा स्वभाव तिथला आहे.

मुंबईच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयात त्या शिकल्या. मधल्या काळात स्वातंत्र्य चळवळीच्या ओढीने त्यांनी शिक्षण थांबवलेही होते. एम. ए. साठी त्यांनी जो विषय घेतला तो त्या काळच्या विद्यार्थ्याला सहज सुचणारा नव्हता : प्राचीन बौद्ध धर्मातील न्यायव्यवस्था. त्यासाठी पाली ग्रंथांत शिरणे भाग होते. त्या शिरल्या, आणि ती भाषा त्यांनी पुढे जन्मभर सोडली नाही. पाली जातककथांची संख्या ५४७ आहे. त्या मराठीत आणणारे ‘सिद्धार्थ जातक’ सात खंडांत निघाले. हे काम आपल्या समीक्षेने जितके मोजायला हवे होते तितके मोजलेले नाही, हे मी स्पष्टपणे म्हणेन. परीक्षेपुरती शिकलेली भाषा पदवी हाती पडताच विसरणारे आपण पुष्कळ जण आहोत. दुर्गाबाईंच्या बाबतीत पदवी मागे पडली आणि वाचन चालू राहिले.

डॉक्टरेटची कथा वेगळी आहे. मुंबई विद्यापीठात डॉ. गो. स. घुर्ये यांच्या समाजशास्त्र विभागात त्या संशोधन करू लागल्या आणि त्यासाठी तेव्हाच्या मध्य प्रांतातल्या आदिवासींमध्ये जाऊन राहिल्या. तिथे विषारी सुरण खाण्यात आला. त्या विषबाधेने प्रकृती अशी ढासळली की पुढची काही वर्षे आजारपणातच गेली. डॉक्टरेट राहिली ती राहिलीच. पण त्या मुलखात ऐकलेली गाणी, कहाण्या, उखाणे आणि कोडी वाया गेली नाहीत. ‘लोकसाहित्याची रूपरेषा’ हा ग्रंथ १९५६ साली आला, भारतीय जीवनातल्या कोड्यांवर त्यांनी इंग्रजीत स्वतंत्र पुस्तक लिहिले, आणि मुलांसाठी प्रांतोप्रांतीच्या लोककथा मराठीत आणल्या. विद्यापीठाच्या दप्तरी जे अपूर्ण राहिले ते त्यांनी असे ग्रंथालयात बसून पुरे केले, असे म्हटले तर वावगे ठरणार नाही.

आता त्या ग्रंथालयाकडे वळू. मुंबईच्या फोर्टमध्ये, हॉर्निमन सर्कलच्या समोर टाउन हॉलची रुंद पायऱ्यांची, उंच खांबांची इमारत आहे. ती १८३३ मध्ये बांधून झाली. तिथे ज्या एशियाटिक सोसायटीचे ग्रंथालय आहे त्या संस्थेचे मूळ त्याहूनही जुने, १८०४ सालचे आहे. इटालियन कवी दान्तेच्या महाकाव्याचे जुने हस्तलिखित ज्या संग्रहात आहे, तिथेच संस्कृत आणि प्राकृत पोथ्या आहेत, जुने प्रवासवृत्तान्त आहेत, जिल्ह्याजिल्ह्याची गॅझेटियर आहेत. दुर्गाबाई वर्षानुवर्षे इथे येऊन बसत. पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेतले थोड्या काळाचे काम सोडले, तर कायमची म्हणावी अशी नोकरी त्यांनी केली नाही. एखादा माणूस कचेरीत जातो त्या नियमाने त्या ग्रंथालयात जात, फरक इतकाच की या कामाचा पगार कोणी देत नव्हते आणि काय वाचावे हेही कोणी सांगत नव्हते.

मला हा दुसरा भाग फार महत्त्वाचा वाटतो. प्राध्यापकाला अभ्यासक्रम असतो, संशोधकाला मार्गदर्शक असतो, पत्रकाराला आजचा अंक काढायचा असतो. दुर्गाबाईंच्या वाचनाला असे कोणतेही कुंपण नव्हते. त्यामुळे बौद्ध न्यायव्यवस्था, महाभारत, गोंडांची गाणी, वनस्पतिशास्त्र, पाककला, ज्ञानकोशकार केतकरांच्या कादंबऱ्या हे सगळे एकाच माणसाच्या टेबलावर येऊ शकले. केतकरांच्या कादंबऱ्यांकडे कलेच्या दृष्टीने ओबडधोबड म्हणून पाहण्याची आपल्याकडे रीत होती. दुर्गाबाईंनी त्या समाजशास्त्राच्या अंगाने नीट वाचल्या आणि ‘केतकरी कादंबरी’ हे पुस्तक लिहिले. दुसऱ्याने बाजूला ठेवलेले पुस्तक उचलून ते स्वतः वाचून पाहणे, ही त्यांच्या वाचनाची खरी ओळख आहे.

महाभारताचेही तेच. १९६२ साली ‘व्यासपर्व’ आले. कृष्ण, भीष्म, अश्वत्थामा, द्रौपदी या व्यक्तिरेखा आपण कीर्तनातून, नाटकांतून, आजीच्या तोंडून इतक्या वेळा ऐकलेल्या असतात की त्या वाचायच्या राहून जातात. दुर्गाबाई त्या व्यासांच्या शब्दांत वाचायला बसल्या. पाच वर्षांनी, १९६७ मध्ये, इरावती कर्व्यांचे ‘युगान्त’ आले. दोघीही घुर्यांच्या विभागातून पुढे आलेल्या, दोघींचा विषय एकच, आणि तरी पुस्तके किती निराळी! इरावतीबाई त्या काळचा समाज, नाती आणि वंश यांचा हिशेब मांडतात. दुर्गाबाईंचे लक्ष माणसाच्या आतल्या एकटेपणाकडे असते. ही दोन पुस्तके लागोपाठ वाचावीत असे माझे आग्रहाचे सांगणे आहे. एकच ग्रंथ दोन समर्थ वाचकांच्या हाती पडला की त्यातून किती वेगळे काही निघते, ते तिथे दिसेल.

छंदांचा विषय निघाला की दुर्गाबाईंच्या स्वयंपाकाची आणि विणकाम-भरतकामाची हटकून आठवण काढली जाते, आणि ती बहुतेक वेळा कौतुकाच्या सुरात असते : एवढ्या विदुषी, तरी हाताला चव होती हो! या कौतुकात मला थोडा अन्याय दिसतो. स्वयंपाक हा त्यांच्या अभ्यासाच्या पलीकडचा विरंगुळा नव्हता. लोकसंस्कृती अभ्यासणाऱ्या माणसाला कोणत्या सणाला काय रांधतात, कोणत्या व्रताला काय वर्ज्य आहे, कोणता रानभाजीचा कोंब कोणत्या महिन्यात मिळतो, हे कळल्याशिवाय पुढे जाताच येत नाही. त्यांचे ‘खमंग’ या दृष्टीने वाचून पाहा. आणि त्याच्या शेजारी बहीण कमलाबाईंचे ‘आहारगाथा’ ठेवा. एकीने अन्नाकडे चालीरीतींतून पाहिले, दुसरीने जीवनसत्त्वांतून आणि प्रथिनांतून. भागवतांच्या घरात स्वयंपाकघरही पोथी आणि प्रयोगशाळा या दोहोंना जोडलेले होते.

विणकामाविषयीही तेच म्हणता येईल. सुईदोऱ्याचे काम करणाऱ्याला रंगाच्या छटा मोजता येतात. ‘ऋतुचक्र’मधला कोणताही परिच्छेद घ्या. पिंपळाची पालवी नुसती कोवळी म्हणून तिथे भागत नाही. तिचा गुलाबीपणा, तिची चकाकी, तो रंग पुढे कसा पालटत जातो, हे सगळे टाक्याटाक्याने येते. घाणेरीसारख्या, कोणी कुंपणाबाहेर फेकून द्यावे अशा झुडपाच्या फुलांतली रंगसंगती त्यांना थांबून पाहावीशी वाटते. मराठीत निसर्गाची वर्णने त्यापूर्वी नव्हती असे नाही, पण त्यांतला बराच निसर्ग संस्कृत काव्यातून उचललेला असे. कवीने न पाहिलेली हंसांची रांग त्यातून उडत असे. दुर्गाबाईंनाही ते संस्कृत काव्य उत्तम अवगत होते. तरी त्यांनी खिडकीबाहेरचे झाड आधी पाहिले आणि मग श्लोक आठवला. या पुस्तकाची भाषा जड आहे, समासांनी भरलेली आहे, अशी तक्रार हल्लीचे वाचक करतात आणि ती अगदीच निराधार नाही. घाईत वाचायला घेतले तर ते दहा पानांत मिटले जाईल.

इथे एका परदेशी लेखकाचे नाव घ्यावेच लागते, ते म्हणजे अमेरिकेतला हेन्री डेव्हिड थोरो. १८४५ ते १८४७ अशी सुमारे दोन वर्षे तो वॉल्डन तळ्याकाठी स्वतः बांधलेल्या झोपडीत राहिला. त्या अनुभवावरचा त्याचा ग्रंथ दुर्गाबाईंनी ‘वॉल्डनकाठी विचारविहार’ या नावाने मराठीत आणला. त्या ग्रंथात वाचनावर एक आख्खे प्रकरण आहे. जितक्या विचाराने पुस्तक लिहिले गेले तितक्याच विचाराने ते वाचले जावे, असा थोरोचा त्यात आग्रह आहे. हाच थोरो तळ्याकाठी राहत असताना, गुलामगिरीला आणि मेक्सिकोवरच्या युद्धाला पाठीशी घालणाऱ्या सरकारला कर देणार नाही म्हणून १८४६ मध्ये एक रात्र तुरुंगात राहिला, आणि त्यातून त्याचा सविनय कायदेभंगावरचा निबंध निघाला. मुंग्यांची लढाई तासन्‌तास पाहणारा माणूस आणि सरकारला नाही म्हणणारा माणूस हे दोघे त्याच्यात वेगळे काढता येत नाहीत. ज्यांना दुर्गाबाईंच्या आयुष्यात ‘ऋतुचक्र’ आणि आणीबाणी यांचा मेळ लागत नाही, त्यांनी हा अनुवाद हाती घ्यावा.

कऱ्हाडला १९७५ च्या डिसेंबरात ५१ वे मराठी साहित्य संमेलन भरले, तेव्हा आणीबाणी लागून सहा महिने होत आले होते. अध्यक्षपदी दुर्गाबाई होत्या. कुसुमावती देशपांडे यांच्यानंतर या पदावर आलेल्या त्या दुसऱ्या स्त्री. स्वागताध्यक्ष होते केंद्रीय मंत्री यशवंतराव चव्हाण. त्याच मांडवात दुर्गाबाईंनी लेखनस्वातंत्र्यावरच्या बंधनांविरुद्ध बोलून दाखवले, आणि बंदिवासानंतर गंभीर आजारी असलेल्या जयप्रकाश नारायण यांना आरोग्य लाभावे म्हणून सभेला उभे राहून प्रार्थना करायला लावली. यशवंतराव स्वतः चोखंदळ वाचक होते, ग्रंथप्रेमी होते, त्यामुळे त्या व्यासपीठावरचा तो प्रसंग दोन वाचकांमधलाही होता असे मला नेहमी वाटते. पुढे १९७६ मध्ये दुर्गाबाईंना अटक झाली, तीही एशियाटिकमध्ये. तिथून त्यांची रवानगी आर्थर रोडच्या तुरुंगात झाली.

हे धैर्य कुठून आले, असा प्रश्न त्यांच्याविषयी नेहमी विचारला जातो. मला त्याचे उत्तर त्यांच्या दिनक्रमात दिसते. ज्या माणसाची नोकरी सरकारच्या हातात नाही, ज्याला बढती नको, मानाचे पान नको, आणि ज्याचे रोजचे सुख ग्रंथालयातल्या एका खुर्चीवर बसून भागते, त्याला धाक दाखवायचा तरी कशाचा? लेखनस्वातंत्र्याची त्यांची चाड वाचकाची होती. जे लिहिले गेले नाही ते वाचता येणार नाही, इतके ते रोखठोक होते. आणीबाणी उठल्यावरही त्यांनी सत्तेकडून काही घेतले नाही. सरकारी मानसन्मान दूरच ठेवले आणि पुन्हा पुस्तकांकडे वळल्या. ७ मे २००२ रोजी त्या गेल्या, त्या वेळी त्यांचे वय ९२ होते.

सभेनंतर हमखास विचारला जाणारा प्रश्न म्हणजे त्यांचे वाचायला सुरुवात कुठून करावी. ‘पैस’ या त्यांच्या ललितलेखसंग्रहाला १९७१ साली साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला, नेवाशाच्या ज्या खांबाला टेकून ज्ञानदेवांनी ज्ञानेश्वरी सांगितली असे मानतात, त्या खांबावरचा त्यातला लेख मला त्यांच्या ललित लेखनात सर्वांत उंचीचा वाटतो. पण तो सुरुवातीला घेऊ नये. ज्यांना गोष्टी आवडतात त्यांनी जातककथांचा कोणताही खंड मधूनच उघडावा, क्रम पाळायची गरज नाही. ज्यांना महाभारत परिचयाचे आहे त्यांनी ‘व्यासपर्व’ घ्यावे. आणि ‘ऋतुचक्र’ घेणाऱ्यांनी ते सलग वाचू नये. बारा महिन्यांवरचे लेख आहेत, तेव्हा चालू असलेल्या महिन्याचा लेख त्या महिन्यात वाचावा आणि पुस्तक परत करून पुढच्या महिन्यात पुन्हा मागून न्यावे. ग्रंथपाल कुरकुर करणार नाहीत, असे मी त्यांच्या वतीने सांगून टाकतो.