लिनक्सवर माऊसचा कर्सर दिसत नाही? मोठा करा, पण मग लॉगआऊट करा!

नमस्कार मंडळी. मागच्या व्हिडिओखाली निम्म्या कमेंट एकच, "दादा, नवीन मॉनिटर घेतला, फोर-के आहे, कर्सर मुंगीएवढा दिसतो." तर आज तेवढंच बघू.

साईज वाढवणं सोपंय, पटकन सांगतो. उबंटू, फेडोरा, म्हणजे ग्नोम हा डेस्कटॉप असेल तर सेटिंग्ज, अ‍ॅक्सेसिबिलिटी, सीइंग, कर्सर साईज. डिफॉल्ट 24 असते, 32 किंवा 48 करा, 96 पर्यंत जाते पण ते म्हणजे स्क्रीनवर समोसा ठेवल्यासारखं वाटतं. एक्सएफसीई हा डेस्कटॉप असेल तर माऊस अँड टचपॅड उघडा, थीमच्या टॅबमध्ये आहे. झालं.

आता खरी भानगड. साईज बदलता, डेस्कटॉपवर कर्सर मस्त मोठा, आणि एखाद्या जुन्या अ‍ॅपवर नेला की परत बारका! लगेच कमेंट, "काम नाही केलं, अनसबस्क्राईब." अरे बाबा, लॉगआऊट केलंस का? बरीच अ‍ॅप्स सुरू होतानाच कर्सरची साईज वाचतात, चालू असताना परत विचारत नाहीत.

बरं, ती विंडो बंद करून परत उघडली तरी कधीकधी बारकाच राहतो, कारण अ‍ॅप बॅकग्राऊंडला चालूच असतं, नाहीतर त्याला जुन्याच सेशनची व्हॅल्यू मिळते. म्हणून पूर्ण लॉगआऊट. स्क्रीन लॉक करणं म्हणजे लॉगआऊट नाही, लॅपटॉपचं झाकण लावणं तर नाहीच नाही, हे पण लोक लिहितात हां.

आणि तरीही एखादं अ‍ॅप ऐकत नसेल तर एटीसी फोल्डरमधल्या एन्व्हायर्नमेंट फाईलमध्ये एक ओळ टाका, एक्सकर्सर अंडरस्कोअर साईज इक्वल टू 48, म्हणजे XCURSOR_SIZE=48, सगळं कॅपिटलमध्ये, मध्ये स्पेस नको, स्क्रीनवर दिलीय. फाईल सुडोनेच, म्हणजे अ‍ॅडमिनच्या परवानगीनेच, सेव्ह होईल. आणि मग? हो, लॉगआऊट! ती फाईल लॉगिनच्या वेळीच वाचली जाते, टर्मिनल बंद-चालू करून काही होत नाही.

एकाने विचारलं, 40 टाकलं तरी काहीच फरक नाही. थीमच्या फाईलमध्ये ठरावीक साईजचीच चित्रं असतात, तुमच्या थीममध्ये 40 चं नसेल तर जवळचं उचललं जातं, म्हणून 32 किंवा 48 च टाका.

आमच्या बाबांना मात्र साईजने फरकच पडला नाही, कारण ते दिवसभर पांढऱ्या स्प्रेडशीटमध्ये असतात आणि कर्सर पण पांढरा. डीएमझी-ब्लॅक ही काळ्या कर्सरची थीम लावून दिली, विषय संपला. हे कोणी सांगत नाही, सगळे नुसतं मोठं करा, मोठं करा.

हरवलेला कर्सर शोधायचा असेल तर ग्नोममध्ये लोकेट पॉइंटर चालू करा, डावं कंट्रोल दाबलं की कर्सरभोवती गोल उमटतात. केडीईवाल्यांना त्यांच्या प्लाझ्मा डेस्कटॉपच्या 6.1 व्हर्जनपासून, म्हणजे जून 2024 पासून, माऊस जोरात हलवला की कर्सर फुगतो. त्यावरही तक्रार आलीय, "गेम खेळताना फुगतो." मग बंद करा ना, सेटिंग्जमध्ये शेक कर्सर सर्च केलं की सापडतं!

कमेंटमध्ये डेस्कटॉप कुठला, स्क्रीनवर विंडो दाखवणारी सिस्टीम वेलँड की एक्स11, एवढं लिहा, नुसतं "होत नाही" लिहिलंत तर मी पहिलं लॉगआऊटचंच विचारणार.