वाई, मेणवली, लिंब: कृष्णाकाठचा एक दिवस

[दृश्य: वाईचा गणपती घाट, सकाळ]

पुण्याहून निघालेली सहलीची बस वाईच्या घाटावर रिकामी होते आणि सगळे आधी ढोल्या गणपतीकडे वळतात. काळ्या दगडातली अखंड मूर्ती, आकाराने भलीमोठी, म्हणून ढोल्या. गणपतराव भिकाजी रास्ते यांनी १७६२ मध्ये देऊळ बांधलं. एवढं कुणीही सांगतं.

चांगला गाईड ओळखायचा तो इथेच. दर्शन झालं की तो माणसांना देवळाच्या मागे नेतो.

[दृश्य: देवळाची मागची भिंत]

ही भिंत सरळ नाही. माशासारखी निमुळती होत गेली आहे. कृष्णेला पूर येतो तेव्हा लोंढा या टोकावर येऊन फुटतो आणि दोन्ही अंगांनी निघून जातो. सपाट भिंत असती, तर पाण्याचा सगळा दाब तिच्यावर आला असता. कोणी बांधलं ते कुठेही वाचता येतं. ते टिकलं कसं, हे विचारायला गाईड सोबत घ्यायचा.

मराठी विश्वकोशाचं काम ज्या गावातून चाललं, ते हेच. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी त्याचे पहिले प्रमुख संपादक. सहलीच्या कार्यक्रमात हा थांबा सहसा नसतो. असायला हवा.

[दृश्य: मेणवलीचा वाडा, चौक, मग घाट]

वाईपासून जेमतेम तीन किलोमीटरवर मेणवली. इथला वाडा नाना फडणवीसांचा. चौकातून चौकात जात राहायचं, भिंतींवरची जुनी चित्रं बघायची आणि मागच्या दाराने थेट नदीवर उतरायचं. हा घाट चित्रपटांत इतक्यांदा दिसलाय, की पहिल्यांदा येणाऱ्यालाही तो ओळखीचा वाटतो. फोटो काढणाऱ्यांची गर्दीही त्याच पायऱ्यांवर.

त्या गर्दीतून वाट काढून मेणेश्वराच्या देवळापाशी या. छोट्या घुमटीत एक भलीथोरली घंटा टांगलेली आहे. तिच्यावर बाळ येशूला घेतलेली मेरी आहे आणि साल आहे १७०७. शंकराच्या दारात मेरी कशी? १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी पोर्तुगीजांकडून वसई जिंकली, तेव्हा तिथल्या चर्चमधल्या घंटा मराठ्यांनी आणल्या आणि निरनिराळ्या देवळांना दिल्या. त्यांतली ही एक. लढाईतली लूट देवाच्या सेवेला लागली, आणि तिच्यावरचं चित्र घासून टाकावं असं कुणाला वाटलं नाही.

[दृश्य: चूल, भाकरी थापणारे हात, मांडलेली पानं]

आता जेवण. सहलीच्या पत्रकात ‘पारंपरिक भोजन’ एवढंच छापलेलं असतं. पान मांडलं की अर्थ कळतो. डावीकडे मीठ, लिंबू, मिरचीचा ठेचा, शेंगदाण्याची चटणी. उजवीकडे भरलं वांगं आणि घेवड्याची उसळ. मध्ये ज्वारीची भाकरी, सोबत पिठलं. शेवटी भात आणि ताक. भाकरी तव्यावरून निखाऱ्याकडे आणि तिथून पानात, मध्ये वेळ जाता कामा नये. म्हणून पंगतच हवी. हातात ताट घेऊन रांगेत उभं राहायला लागलं, की तुमची पाळी येईपर्यंत भाकरीचं चामडं झालेलं असतं.

पण या पानालाही तोच प्रश्न विचारून पाहा: हे आलं कुठून? वांगं आपलंच. ज्वारी आफ्रिकेतली, पण हजारो वर्षांपूर्वी येऊन इथलीच झालेली. मिरची, शेंगदाणा आणि घेवडा मात्र अमेरिका खंडातले. मिरची आपल्याकडे आली ती पोर्तुगीजांच्या जहाजांतून. मघाशी जिच्याखाली उभे होतो ती घंटा आणि पानातला हा ठेचा, दोन्ही एकाच दर्यावर्द्यांमुळे कृष्णाकाठी पोचले. फरक एवढाच, की घंटा जिंकून आणावी लागली.

[दृश्य: लिंबची विहीर, वरून; मग आत उतरणारा कॅमेरा]

जेवण अंगावर येतं, बसमध्ये डुलक्या लागतात. तरी साताऱ्याच्या अलीकडे, लिंब गावी उतरायचा कंटाळा करू नका.

बारा मोटेची विहीर. साताऱ्याच्या छत्रपती शाहू महाराजांच्या वाड्याचा कारभार पाहणाऱ्या विरूबाई भोसले यांनी १७१९ ते १७२४ या काळात ती बांधून घेतली, आमराईला पाणी मिळावं म्हणून. वरून पाहिलं तर आकार शिवलिंगाचा. पायऱ्या उतरून कमानीतून आत गेलं की भिंतींवर कोरलेले सिंह, हत्ती दिसतात, आणि वर चढलं की चक्क एक महाल. उन्हाच्या तडाख्यात, पाण्याच्या अंगावर बांधलेली बसायची जागा. राजाने मसलतीला याहून थंड ठिकाण कुठे शोधलं असतं?

[दृश्य: मोटेच्या जागांवरून फिरणारा कॅमेरा]

काठावर मोटेच्या जागा अजून आहेत. चामड्याची मोट विहिरीत सुटायची. तिचा नाडा चाकावरून बैलांच्या जुवाला बांधलेला. बैल धावेच्या उतारावरून पुढे गेले की भरलेली मोट वर यायची, थारोळ्यात, म्हणजे काठावरच्या दगडी कुंडीत, रिती व्हायची आणि पाणी पाटाने बागेकडे. मग बैल उलट्या पावलांनी मागे. दिवसभर हेच, आणि तेही एकाच वेळी कितीतरी जोड्यांचं.

किती? नाव ऐकून बारा म्हणू नका. काठाने एक चक्कर मारा आणि जागा मोजा. पंधरा भरतात.