सहकुटुंब, सहपरिवार : आयरिश लोकगीतांची निवड करताना

लग्नाच्या पत्रिकेवर आपण ‘सहकुटुंब, सहपरिवार’ असे छापतो, तेव्हा त्यात आजीपासून तान्ह्या बाळापर्यंत सगळे आले, हे कोणालाही वेगळे सांगावे लागत नाही. मी आयर्लंडमधल्या गॉलवे शहरातल्या ज्या छोट्या बँडमध्ये गेली नऊ वर्षे गाते आहे, त्याला एखाद्या शाळेतून, चर्चच्या सभागृहातून किंवा रविवारच्या दुपारी पबमधून बोलावणे आले, की यजमान हमखास सांगतात : गाणी ‘फॅमिली’ असू द्या. पहिली दोन-तीन वर्षे आम्ही त्याचा अर्थ ‘लहान मुलांची’ असाच घेत होतो. ती आमची मोठी चूक होती, आणि ती कशी लक्षात आली हे सांगूनच आजच्या विषयाला सुरुवात करते.

‘वेइला वेइला वाला’ हे डब्लिनच्या गल्ल्यांत आणि शाळेच्या अंगणांत मुलांच्या तोंडी टिकून राहिलेले गाणे आहे. चाल उड्या मारत चालणारी, शब्द सोपे, दर ओळीनंतर सगळ्यांनी मिळून म्हणायचा तुकडा. वरवर पाहता याच्याइतके मुलांचे गाणे दुसरे नसेल. गोष्ट मात्र अशी, की रानात राहणारी एक बाई आपल्या तीन महिन्यांच्या बाळाला चाकूने मारते, मग पोलीस दार ठोठावतात आणि तिला फाशी होते. या गोष्टीचे मूळ ‘क्रूर माता’ या जुन्या कथागीतात आहे, आणि फ्रान्सिस जेम्स चाइल्ड यांच्या एकोणिसाव्या शतकातल्या प्रसिद्ध संग्रहात ते विसाव्या क्रमांकावर येते. एका बारशाला आम्ही ते म्हटले. मुले टाळ्या पिटून साथ देत होती. पहिल्या रांगेत एक आई बाळाला मांडीवर घेऊन बसली होती. तिसऱ्या कडव्याला तिने बाळाच्या डोक्यावर हात ठेवला आणि गाणे संपेपर्यंत तो काढला नाही. ती उठून गेली नाही, नंतर काही बोललीही नाही. तो हात मला अजून दिसतो. गाणे मुलांना जड गेले नव्हते. जड गेले होते ते आईला. कुटुंबासाठी गाणी निवडायची म्हणजे त्या खोलीत बसलेल्या प्रत्येकासाठी निवडायची, हे मला त्या दिवशी उमगले.

याचा अर्थ मरणाची आणि दुःखाची गाणी वगळावीत असा मात्र मुळीच नाही. तसे केले तर आयरिश परंपरेत हाती फारच थोडे उरेल. मॉली मलोन हे डब्लिनचे सगळ्यांत लाडके गाणे. त्यातली शिंपले विकणारी मुलगी तापाने मरते आणि शेवटच्या कडव्यात तिचे भूत गल्लीबोळांतून हातगाडी ढकलत फिरते. तरीही पाच वर्षांचे मूल ते आनंदाने गाते, कारण ध्रुवपद म्हणजे मॉलीची आरोळी आहे, ताजा माल विकणाऱ्या कोणत्याही फेरीवालीच्या गळ्यातून निघावी तशी. मरण एका ओळीत येते, त्याची कोणी थट्टा करत नाही, आणि आरोळी पुढे चालूच राहते. (हे गाणे फार पुरातन आहे असा समज असला, तरी 1884 मध्ये लंडनमध्ये ते एडिंबरोच्या जेम्स यॉर्कस्टन यांच्या नावाने छापले गेले होते. डब्लिनने त्याला आपले मानले, 1988 मध्ये मॉलीचा पुतळाही उभारला, आणि लोकगीत होण्याचा हाही एक मार्ग आहे, असे मी मानते.)

‘बॉजीन एलिमी’ हे डोनेगलचे गाणे तसेच. आयर्लंडमध्ये शाळेत आयरिश भाषा शिकवली जात असल्यामुळे इथे राहणाऱ्या आपल्यापैकी अनेकांच्या मुलांना ते आपल्या आधी पाठ झालेले असेल. ‘बॉजीन’ म्हणजे होडुले. आयरिशमध्ये शब्दाला शेवटी ‘ईन’ लागले की वस्तू इवलीशी आणि जवळची होते. फेलिमीचे (गाण्याच्या नावात ‘फ’ उच्चारत नाहीत) हे होडुले आधी गोला बेटाकडे जाते, मग टोरी बेटाकडे, आणि टोरीच्या किनाऱ्यावर फुटते. एवढीच गोष्ट. ज्या किनाऱ्यावर समुद्राने घराघरांतली माणसे नेली, तिथल्या मुलांना होडी फुटल्याचे गाणे शिकवताना कोणी कचरले नाही. म्हणून कार्यक्रमापूर्वी कोणी ‘शेवटचे कडवे गाळा’ असे सुचवले, तर आम्ही नम्रपणे नकार देतो. गाणे घ्यायचे तर पूर्ण घ्यावे, आणि पूर्ण घेण्याजोगे नसेल तर दुसरे निवडावे.

हाच नियम ‘सेव्हन ड्रंकन नाइट्स’ला लागू पडतो. रोज रात्री झिंगून घरी येणारा नवरा आणि त्याला काहीबाही सांगून गप्प करणारी बायको यांचे हे गाणे द डब्लिनर्स या आयरिश लोकगीत गाणाऱ्या बँडने 1967 मध्ये गाजवले. नावात सात रात्री असल्या तरी त्यांनी पाचच गायल्या, कारण उरलेल्या दोन फार चावट होत्या. तरीही आयर्लंडच्या सरकारी नभोवाणीने त्यावर बंदी घातली. मुलांसमोर ते तीन रात्रींवर आणून गाणारे बँड मी ऐकले आहेत. मुले लगेच विचारतात, ‘बाकीच्या रात्री कुठे गेल्या?’ त्यांना उत्तर देता येत नसेल, तर ते गाणे त्या दुपारचे नव्हे.

उलट, नावावरून बाद ठरणारी काही गाणी आतून अगदी सालस असतात. ‘द वाइल्ड रोव्हर’ जगभर दारूचे गाणे म्हणून ओळखले जाते, पण ते नीट ऐका. सगळा पैसा दारूत उडवलेला एक माणूस ओळखीच्या गुत्त्यावर उधारी मागतो, मालकीण नाही म्हणते, मग तो खिशातले सोने दाखवतो आणि तिचा सूर क्षणात बदलतो. ते पाहून तो आईवडिलांकडे परत जाऊन क्षमा मागायचे ठरवतो, आणि ध्रुवपदात ‘पुन्हा कधीच नाही’ म्हणतो. त्या ‘कधीच नाही’नंतर आयर्लंडमध्ये सगळी खोली चार टाळ्या वाजवते. मुले शब्द एक वेळ विसरतील, त्या चार टाळ्या विसरत नाहीत. वयस्क माणसे हे गाणे निराळ्या कारणाने ऐकतात. ज्या घरात दारूने कोणाला नेले आहे, तिथल्या माणसाला त्यातला परतीचा रस्ता ऐकू येतो. आम्ही ते थोडे सावकाश गातो, म्हणजे गोष्ट कळते.

राजकीय गाण्यांबाबत माझे मत जरा कडक आहे. ब्रिटिश सत्तेविरुद्धच्या 1798 च्या आणि 1916 च्या उठावांची गाणी या देशाच्या आठवणीचा भाग आहेत, आणि त्यांतली काही अतिशय सुंदर आहेत. पण एखाद्या गाण्याचे ध्रुवपद म्हटल्याबरोबर खोलीतल्या निम्म्या माणसांना आपण परके आहोत असे वाटत असेल, तर ते त्या बैठकीचे गाणे नव्हे. उत्तर आयर्लंडमध्ये तर हे फार जपावे लागते. तिथे आम्ही बेलफास्टच्या मुलींचे खेळगीत ‘आय’ल टेल मी मा’ घेतो. त्यात पोरे केस ओढतात, कंगवा पळवतात, आणि मुलगी म्हणते, घरी गेल्यावर आईला सांगेन. पोरांचे वागणे चुकीचे आहे हे गाणे लपवत नाही. तक्रार त्या मुलीच्याच तोंडी आहे, म्हणून मला ते आवडते.

‘पारंपरिक’ या शब्दाबद्दल थोडेसे. ‘द फील्ड्स ऑफ अथनराय’ पीट सेंट जॉन यांनी 1979 मध्ये लिहिले. ‘डॅनी बॉय’चे शब्द फ्रेडरिक वेदर्ली या इंग्लिश वकिलाचे आहेत, जरी चाल उत्तरेतल्या लिमावॅडी गावातून जेन रॉस यांनी टिपून घेतलेली असली. दोन्ही जरूर गावीत, फक्त कार्यक्रमपत्रिकेवर पारंपरिक म्हणून छापू नयेत.

आता पट्टीचा प्रश्न, ज्याकडे बँडवाले सर्वांत कमी लक्ष देतात. टिन व्हिसल (पत्र्याची छोटी बासरी) आणि इलन पाइप्स (आयरिश बॅगपाइप) बहुधा हार्मोनियमवर आपण ज्याला पांढरी दोन म्हणतो त्या पट्टीत असतात, त्यामुळे वादकांना पांढरी दोन किंवा पांढरी पाच सोयीची पडते, आणि पुरुष गायक आपल्या गळ्याप्रमाणे चाल खाली घेतो. लहान मुलांचा गळा मात्र साधारण मधल्या सप्तकाच्या पांढरी एकपासून वरच्या पांढरी एकपर्यंतच मोकळा चालतो. ध्रुवपद त्याखाली गेले की मुले पुटपुटतात आणि मग गप्प होतात. आपल्याला वाटते त्यांना गाणे आवडले नाही. खरे तर त्यांना तो सूर मिळालेलाच नसतो. म्हणून पट्टी कडव्यावरून नव्हे, ध्रुवपदावरून ठरवावी.

पट्टी नीट जमली की ‘द रॅटलिन बॉग’ला तोड नाही. दलदलीत झाड, झाडाला फांदी, फांदीला डहाळी, डहाळीवर घरटे, घरट्यात अंडे, अंड्यात पक्षी, अशी प्रत्येक कडव्याला एक कडी वाढते, आणि साखळी उलट क्रमाने, गती वाढवत, एका दमात म्हणायची. भोंडल्यात सासू सुनेला कारल्याचा वेल लावायला सांगून माहेरचे जाणे एकेक पायरीने लांबवत नेते, ते म्हणणाऱ्यांना ही रचना समजावून सांगावी लागणार नाही. सहाव्या-सातव्या कडव्याला मोठ्यांची दमछाक होते आणि मुलांची होत नाही. तिथे आमचा बाउरॉनवाला (बाउरॉन म्हणजे आयरिश डफ) हात थांबवतो, आम्ही गाणे सोडून देतो, आणि एखादी सात-आठ वर्षांची मुलगी एकटीच पक्ष्यापासून दलदलीपर्यंत सगळी साखळी म्हणून दाखवते.

हे गाणे मात्र शेवटी ठेवू नये. दमलेली मुले नंतर आवरत नाहीत, आणि पबमध्ये असाल तर कायद्याप्रमाणे त्यांना रात्री नऊला, मे ते सप्टेंबर या महिन्यांत दहाला, बाहेर पडावेच लागते. शेवटी आम्ही ‘अ व्हॅन ऊद हीस’ ही आयरिश अंगाई घेतो. ओढ्यावर धुणे धुणाऱ्या एका बाईला उद्देशून दुसरी बाई गाते आहे. ही दुसरी बाई वर्षापूर्वी परीलोकाच्या माणसांनी पळवून नेलेली आहे, त्यांच्या गढीत त्यांचे मूल जोजवते आहे, आणि अंगाईच्या ओळींमध्ये निरोप पेरते आहे : माझ्या नवऱ्याला सांग, मेणबत्ती आणि काळ्या मुठीची सुरी घेऊन ये, वेळेत आला नाही, तर मी कायमची इथलीच राणी होईन. पहारा देणाऱ्यांना फक्त अंगाई ऐकू येते. आमच्या सभागृहातही मांडीवरच्या बाळाला तेवढेच ऐकू येते, आणि ते झोपते. त्याच्या डोक्यावरून आई निरोप ऐकत असते, आणि बहुतेक वेळा मागच्या रांगेतली एखादी आजी आयरिश ओळी आमच्याबरोबर हलक्या आवाजात म्हणत असते. त्या वेळी आम्ही फिडल (व्हायोलिन) थांबवतो आणि साथीशिवाय गातो, म्हणजे तिचा आवाज बुडत नाही.