भट्टी बदलताना

[दृश्य : पहाटेपूर्वीची मुंबईतली गल्ली. बेकरीच्या धुराड्यातून वर चढणारा धूर.]

रात्रीचे तीन. मैदा मळून झालाय, गोळे पत्र्यांत मांडलेत, फुगतायत. उजाडायच्या आत लाद्या बाहेर पडायला हव्यात. वडापावची गाडी, पावभाजीचा तवा, चाळीतला सकाळचा चहा, सगळे त्यांची वाट बघतात.

[दृश्य : भट्टीचं तोंड. आत लाल धग.]

जुनी भट्टी म्हणजे विटांची बुटकी, घुमटाकार खोली. आत लाकूड पेटवायचं, विटा तापू द्यायच्या, निखारे बाजूला सारायचे आणि लांब दांड्याच्या फळीनं पत्रे आत सरकवायचे. पाव भाजतो तो विटांत साठलेल्या धगीवर. धग उतरू लागली की टोस्ट, मग नानकटाई. कुठल्या धगीला काय घालायचं, हे कारागिराच्या हाताला कळतं. ही विद्या मोलाची आहे, आणि भट्टी बदलायला सांगणाऱ्यांनी ती आधी समजून घ्यावी असं आम्हाला मनापासून वाटतं.

अडचण आहे ती आत जळणाऱ्या लाकडाची. या शहरात जुन्या इमारती सतत पडत असतात. त्यांच्या चौकटी, दारं, मोडकं फर्निचर, प्लायवूड, खोक्यांच्या फळ्या स्वस्तात मिळतात. त्यावरचा रंग, पॉलिश, डिंकही लाकडाबरोबरच जळतो. तो धूर पहिल्यांदा जातो भट्टीसमोर उभ्या असलेल्या माणसाच्या छातीत, मग शेजारच्या खिडकीत.

९ जानेवारी २०२५ रोजी मुंबई उच्च न्यायालयानं लाकूड-कोळशावरच्या बेकऱ्यांना स्वच्छ इंधनाकडे वळायला सहा महिन्यांची मुदत दिली. महापालिकेनं आधी एक वर्ष दिलं होतं. आदेश योग्यच होता. पण नव्या ओव्हनचे पैसे, गॅसची जोडणी, अरुंद गाळ्यातली जागा, हे प्रश्न मालकासमोर तसेच उभे राहिले.

[दृश्य : वजनकाटा. एका बाजूला लाकडाची मोळी, दुसरीकडे मैद्याचं पोतं.]

बेकरीवाल्याला मदत इथून सुरू व्हावी. आठवडाभर रोजचं लाकूड तोलायचं, रोजची पोती मोजायची. एका पोत्याला किती लाकूड लागतं, हा आकडा बहुतेक ठिकाणी कुणी काढलेलाच नसतो. तो हातात आला की गॅसचं किंवा विजेचं बिल त्याच्याशेजारी ठेवता येतं. भट्टी रिकामी असतानाही तापवत ठेवल्यानं किती जळण वाया जातं, तेही दिसतं.

आणि खरं तेच सांगायला हवं. गॅसही कार्बन सोडतो. तेवढीच उष्णता मिळवताना निघणारा कार्बन डायऑक्साइड लाकडाच्या साधारण निम्मा असतो. लाकूड जाळल्यावर तेवढी झाडं पुन्हा वाढतात, म्हणून त्याचा कार्बन हिशेबात धरू नये, असंही म्हटलं जातं. पण रंगवलेल्या दाराच्या जागी कुणी झाड लावत नाही. विजेचा ओव्हन घेतला, तर ती वीज कोळशातून येते की उन्हातून, यावर सगळं ठरतं. छतावर सोलर लावा, असा सल्लाही सर्रास दिला जातो. पण पाव भाजतात रात्री, आणि गाळा भाड्याचा असेल तर छत बेकरीवाल्याचं नसतं. मार्ग आहेत, दिवसा तयार झालेली वीज नियमांत बसेल तेवढी बिलात वळती करून घेता येते. ते कागद भरायला सोबत बसणारं माणूस हवं.

लादी पाव हे कष्टकऱ्यांचं अन्न आहे. नव्या ओव्हनचा सगळा भार पावाच्या किमतीवर पडला, तर तो त्यांच्याच खिशातून जाईल. म्हणून आधी हवं ते स्वस्त कर्ज आणि अनुदान. बेकरीच्या धुराची तक्रार करणाऱ्या सोसायटीच्या नाश्त्यातही हाच पाव असतो.

[दृश्य : नवा ओव्हन. कारागीर काचेतून आत बघतोय.]

नव्या ओव्हनचा पहिला घाणा बिघडू शकतो. वरची साल कडक, आत कच्चं. इथे विटांची धग नाही, काट्यावरचे आकडे आहेत. तापमान थोडं उतरवायचं, वाफ वाढवायची, पुन्हा एक पत्रा घालायचा. ओव्हन बसवणाऱ्यानं या चार-सहा रात्री कारागिराजवळ थांबायला हवं.

[दृश्य : लादी बाहेर येते. कारागीर बोटानं दाबून बघतो. पाव दबतो, परत वर येतो. बाहेर सायकलला पिशव्या लागतायत.]